निशाणी एकोणीस

सांबरेकर गेले तेव्हा सदाशिवनगरच्या स्मशानात
आम्ही सात जण, त्यातले दोघे उधारीवाले.
आज अकरा वर्षांनी
बेळगाव स्टँडवरच्या स्टॉलला त्यांचा फोटो टांगलाय,
कधीच न घातलेल्या गॉगलसकट.
'तिसऱ्या गेटवरचा मुडदा', सहावी आवृत्ती,
साडेतीनशे रुपये.
मी जुळवली तेव्हा दीड रुपयाला होती,
लायब्ररीत दिवसाला दहा पैसे.

मी तवनाप्पा हुद्दार, कलमेश्वर प्रेसचा कंपोझिटर.
एकतीस वर्षं उलटी अक्षरं वाचली.
सरळ सांगायला कोर्टानं बोलावलंय.

मुलगा दिगंबर पुण्याहून येतो तारखेला.
बापाचे कागद त्यानंच घातले रद्दीत, चार रुपये किलो.
आता 'बाबांचा वारसा' म्हणताना त्याचा गळा दाटतो.
मी जवळून बघितलं, खरंच दाटतो.
माणसाचं काय सांगावं.

समोर महादेवी, वडगावच्या नीलव्वाची लेक.
आईच्या माडीवर सांबरेकर नऊ वर्षं भाड्यानं,
खाली माग चाललेला.
तिच्या मांडीवर साडीच्या पिशवीत सतरा वह्या.
वह्यांत भाषा मराठी, अक्षरं कानडी.
ते बोलायचे, ती लिहायची.
त्यांचा हात थरथरायचा
(कशानं, ते अख्ख्या खडेबाजारला ठाऊक),
आणि तिला शाळेनं एवढीच अक्षरं दिलेली.
शनिवारी प्रेसमध्ये यायची, केसशेजारी उभी राहून
मला वाचून दाखवायची. मी जुळवायचो.

'लेखनिकाला कोणी मालक करतं का?'
दिगंबरचे वकील खासनीस म्हणाले.
जज्जबाईंनी वही मागवली.
नेमका दुभाषी रजेवर.
क्लार्क हिरेमठ रायचूरकडचा, त्याला अक्षरं येतात, मराठी नाही.
खासनीसांना मराठी येतं, अक्षरं नाहीत.
'एकानं वाचा, एकानं ऐका,' जज्जबाई म्हणाल्या,
आणि कोर्टात वडगावची माडी उभी राहिली.

हिरेमठ वाचत गेला, किराण्याची यादी वाचावी तसा:
फौजदार हुक्केरीनं कंदील वर धरला.
खुनी होता मयताचा भाऊ. इल्ल.
'हे काय मधेच?'
'समासात लिहिलंय, साहेब. दुसरं अक्षर आहे. बाईचं.'
खुनी होता कंपाउंडर. इल्ल.
खुनी होता माळी.
पुढं समास कोरा.

महादेवीनं पिशवी घट्ट धरली.
खासनीस छापील पुस्तक उघडून उभे राहिले.
पण पुस्तकात माळी नाही. पुस्तकात शिंपी आहे.

हाच तो शिंपी, ज्याच्यावर पेपरात रविवारी लेख आला,
की सीमाभागाचे दोन तुकडे तो टाचून बसलाय,
म्हणूनच त्याच्या हातात कात्री आहे.

खासनीस म्हणाले, ही मूळ लेखकाची दुरुस्ती, बघा.
महादेवीचे वकील म्हणाले, इल्ल लिहायचं राहिलं,
बाईंनी प्रेसमध्ये तोंडी सांगितलं.
मग दोघेही माझ्याकडं वळले.

चौदावा फर्मा मशीनवर होता, स्वामी.
ळ सगळे त्यात अडकलेले.
केसमध्ये उरले तीन,
आणि माळी यायचा एकवीस वेळा.
मालक म्हणाले, रात्रीत पुस्तक पाहिजे.
शिंपीला काही कमी पडत नव्हतं.
सांबरेकरांनी छापून आल्यावर वाचलं,
थोडं हसले, विडी मागितली.
नीलव्वानं वाचलं नाही, तिला ही अक्षरं यायची नाहीत.

हे सगळं सांगितलं. घसा कोरडा पडला.
स्टेनो म्हणाला, 'ळ म्हणजे? नाव आहे कुणाचं?'
पंखा फिरत होता. पुढची तारीख बावीस.
कानडीत दोन ओळी टाइप झाल्या, मी खाली सही केली.

बाहेर चिंचेखाली महादेवीनं नकलेवर बोट ठेवून
मला वाचून दाखवलं, आईसारखंच, शब्द सुटा करत:
साक्षीदाराला वयोमानानं नक्की आठवत नाही.

मग पदरानं चष्मा पुसला
आणि समासाच्या जागी बोट नेऊन
हळूच म्हणाली, इल्ल.